आवशीची खुशी

"आई, तू ते पुस्तक उलटं वाचलंस," तिने सांगितलेली गोष्ट ऐकून विराज मागच्या सीटवरून तिच्या कानाशी म्हणाला, आणि अनुजाने स्कूटरचा ब्रेक इतक्या जोरात दाबला की पायाशी ठेवलेल्या पिशवीतली पाण्याची बाटली उडून रस्त्याकडेच्या गवतात गेली. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि काहीतरी बडबडत तो पुढे निघून गेला. दसऱ्याची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते, मालवणपासून आंबेखोलपर्यंतचा, तिच्या सासरच्या गावापर्यंतचा, अर्धा रस्ता अजून बाकी होता. विराज उतरला, बाटली घेऊन आला, ती शर्टाला पुसली आणि पिशवीत नीट उभी ठेवली. तो तसाच होता, तेरा वर्षांचा, सांडलेलं उचलून ठेवणारा, दुसऱ्याच्या चुकीबद्दल स्वतःच ओशाळणारा. "चूक अशी नाही गो," तो म्हणाला. "पहिल्यांदा सगळे तसंच वाचतात. जपानी कॉमिक ते, मांगा उजवीकडून सुरू होतं ना. आपल्याला पाठ वाटते ते त्याचं पहिलं पान. तू शेवटाकडून सुरुवातीकडे गेलीस." मग जरा थांबून, "चौकटीपण उजवीकडून वाचायच्या," अशी भर त्याने घातली आणि चष्मा वर सरकवला. अनुजाला विचारायचं होतं ते एकच, आणि ते विचारायची तिची छाती होईना. "मग शेवटी ती मुलं घरी येतात ना?" विराज भातशेताकडे बघत राहिला. "घरून निघतात," तो म्हणाला. "चल ना, माईआजी वाट बघत असेल."

तिने स्कूटर सुरू केली. दुसरं करणार काय? रस्ता सरळ होता, भात पिवळं पडलं होतं, ऊन आतापासूनच चटके देत होतं, आणि पाठीशी टेकलेलं पोर रोजच्याइतकंच हलकं होतं. पण तिच्या डोक्यात अडीचशे पानं एकदम वाऱ्यावर उडाल्यासारखी झाली होती, आणि ती गोळा करून दुसऱ्या बाजूने लावणं तिला भाग होतं. चूक तिचीच, आणि चूकसुद्धा कशी, तर नीटनेटकेपणाची. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जमिनीच्या मोजणीचे नकाशे करण्यात तिची सतरा वर्षं गेली होती, आणि घरातलं उघडंवाघडं पुस्तक तिला बघवत नसे. गणपतीत पणजीला राहणाऱ्या मामाने विराजला ते जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं, तेव्हा जूनमधला खाकी कागद उरलेलाच होता. तिने शाळेच्या पुस्तकांसारखं त्यालाही कव्हर घातलं, कडा दुमडून आतून डिंकाने चिकटवल्या, आणि आपल्याला पुढची वाटली त्या बाजूला लेबल लावलं: विराज विनीत परब, आठवी ब. दुमडलेल्या कडेखाली जे पान चिकटून गेलं, त्यावरच म्हणे ठळक अक्षरांत छापलेलं होतं की थांबा, तुम्ही चुकीच्या टोकाला आलात. ऑफिसात लोकांच्या हद्दी काढून देणाऱ्या बाईने आपल्याच पोराच्या पुस्तकाचं तोंड डिंकाने बंद केलं होतं. एरवी ती या गोष्टीवर पोट धरून हसली असती.

ते तिने वाचलं एका रविवारी दुपारी, विराज ट्यूशनला गेलेला असताना. सोमवारी देवळात देवीचा कौल लागायचा होता आणि तिचं कशात मन लागत नव्हतं, म्हणून टेबलावरचं पुस्तक उचललं, लेबलाच्या बाजूने उघडलं. पहिल्याच पानावर सगळं संपलेलं होतं. मोडलेलं बंदर, पाण्यात अर्धी बुडालेली घरं, आणि एका धक्क्यावर एक मुलगी उभी, तिच्यासमोर तिची आई, आणि मुलीच्या डोळ्यांत ओळखीची एक रेघ नाही. अशीही गोष्ट सुरू होते तर, असं अनुजाला वाटलं, आणि तिने पान उलटलं. मग हळूहळू वेगळंच काही होऊ लागलं. ढिगाऱ्यातून घरं वर आली. धूर आभाळातून उतरून छपरांत शिरला. आणि समुद्रातून तो उठला, तो राक्षस म्हणावा की यंत्र, जांभ्या दगडासारख्या खडबडीत अंगाचा, खांद्यांवरून धबधब्यासारखं पाणी ओघळतंय, आणि दोन पानं मिळून चितारलेला त्याचा नुसता एक पाय. पायाशेजारी इतकुसं गाव, दोरीवर वाळत घातलेले कपडे, विजेचे खांब. तिला सवयच होती, तिने खांब आठ मीटरचा धरून मनात प्रमाण लावलं आणि त्या आकृतीची उंची काढली. चारशे मीटर निघाली. पुन्हा काढली, तरी चारशेच. आणि त्याच्या छातीत, एका उघड्या खोलीत, एक मूल बसलेलं. शाळेच्या गणवेशातलं. गुडघ्यावर खरचटलेलं.

दर प्रकरणाला एक मूल. नऊ मुलं होती. प्रत्येक मूल अनोळखी डोळ्यांनी सुरू होई, त्या अजस्र अंगातून बाहेर येई, आणि जसजसं ते किनाऱ्याकडे चालत येई तसतशी त्याच्या चेहऱ्यावर एकेक आठवण भरत जाई: पहिली शाळा, पाळलेलं मांजर, बापाच्या हाताचा वास. शेवटी ते आईला ओळखत असे. आई टेबलावरच्या एका छापील कागदावरून शिक्का उचले, कागदावरचा ठसा नाहीसा होई, आणि मग ते दोघं भात खायला बसत. बोलणी विचित्र होती, आधी उत्तर यायचं आणि मग प्रश्न, पण हल्लीचं लिहिणं असंच असतं असं तिने स्वतःला समजावलं, आणि खरं तर तिला ते आवडलंही, कारण आयुष्यात तिला पुष्कळ उत्तरं प्रश्नांच्या आधीच मिळाली होती. नवव्या मुलाने जेवून ताट सरकवलं, अंगणातल्या नळावर हात धुतले, आणि पुस्तक संपलं. अनुजा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. एवढं प्रचंड काहीतरी लेकरांच्या छातीवर येऊन बसतं, आणि तरी ती परत येतात, भरत जातात, जेवतात. दुसऱ्या दिवशी देवळात बाबली गुरवाने विचारलं, तेव्हा ती होय म्हणाली ती या भरात.

कौलाची गोष्ट अशी होती की तिच्या नवऱ्याचे, विनीतचे वडील, ज्यांना घरात आणि गावात सगळे भाई म्हणत, एकतीस वर्षं पावणाईचा तरंग धरत. तरंग म्हणजे देवीची उंच काठी, बारा फुटांची, वर चांदीचा मुखवटा, खाली लुगड्यांवर लुगडी नेसवलेली. दसऱ्याला ती देवळातून निघते आणि ज्या घराण्याचा मान त्या घराण्यातला पुरुष ती कमरेच्या शेल्यात रोवून गावभर फिरवतो. तो फिरवतो म्हणायचं इतकंच. ढोल वाजू लागले की त्याच्या अंगात अवसर येतो आणि मग कोण कोणाला फिरवतं ते सांगता येत नाही. नवी नवरी म्हणून अनुजाने पहिल्यांदा भाईंना तसं बघितलं तेव्हा ती घाबरून सासूबाईंच्या, माईंच्या मागे लपली होती. रिक्षावाल्याशीही कधी वाद न घालणारा तो माणूस, चहात साखर कमी पडली तरी न बोलणारा, आणि त्याचा आवाज तेव्हा पूर्ण अंगण भरून उरला होता. तरंग उतरल्यावर ते ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि तिने भीतभीत विचारलं तेव्हा ओशाळं हसून म्हणाले, "माका काय याद नाय गो." गेल्या चार वर्षांत भाई एकेक विसरत गेले होते. आधी अनुजाचं नाव गेलं, मग विनीतचं, मग एका सकाळी त्यांनी पन्नास वर्षं संसार केलेल्या माईंना विचारलं, "तू कोण गे?" डॉक्टरांनी म्हातारपणाच्या विसराळूपणाचं नाव लिहून दिलं आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. गेल्या श्रावणात भाई गेले. जाताना त्यांच्या डोळ्यांत, धक्क्यावरच्या त्या मुलीच्या डोळ्यांसारखीच, ओळखीची एक रेघ नव्हती, आणि हे आता, वळणावर वेग कमी करताना, अनुजाला लख्ख दिसलं.

कारण उजवीकडून लावलं की गोष्ट सरळ होती. मूल भात खातं. आई कागदावर शिक्का मारते. मूल चालत जातं, आणि चालता चालता बापाच्या हाताचा वास जातो, मांजर जातं, शाळा जाते. तो चारशे मीटरचा देह मुलांच्या दिवसांवर चालत होता, रॉकेलवर दिवा चालावा तसा. मोठी माणसं त्याला चालत नव्हती कारण त्यांचे दिवस आधीच खर्च झालेले. लढाई संपते, गाव निम्मं वाचतं, आणि बाहेर येतं ते एक रिकामं पोर, जे धक्क्यावर उभ्या बाईकडे बघतं. नऊ मुलं. एकही परत आलेलं नव्हतं आणि तिने नऊच्या नऊ परत आलेली बघून डोळे पुसले होते. तिला गंमत वाटावी इतकं ते भयंकर होतं. आणि भयाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं ज्याची तिला लाज वाटली: तो पाय अजूनही तितकाच सुंदर होता. उलटा वाचा, सुलटा वाचा, चारशे मीटर ते चारशेच.

बाकी कौलाला नकार द्यायला तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं म्हणा. कौलात आधी विनीतचं नाव घेतलं होतं. विनीत मालवाहू बोटीवर इंजिनिअर, तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून पडलेला. दहावीत असताना बापाला तरंगाखाली जवळून बघितलं आणि त्याच दिवशी आपण समुद्रावर जायचं ठरवलं, असं त्याने लग्नानंतर एकदा तिला सांगितलं होतं. पाषाणावर पाण्याने चिकटवलेल्या दोन कळ्यांपैकी डावी पडली, म्हणजे देवीचं नाही. मग विनीतच्या चुलतभावाचं, बाळाचं नाव घेतलं, तो तयारच होता, नवं धोतरही आणून ठेवलं होतं त्याने. पुन्हा डावी. मग बाबलीने विराजचं नाव उच्चारलं आणि उजवी कळी जणू वाटच बघत असल्यासारखी टपकन पडली. आईची संमती घ्यायला बाबली तिच्याकडे वळून म्हणाला, "पोर लहान आसा. आवशीची खुशी आसा काय?" विनीतला फोन लावला तर तो म्हणाला, तुम्हीच ठरवा, इथून माझं काय चालतंय. म्हणजे झालं. विराजला मात्र कोणी काहीच विचारलं नाही. तो खांबाशी उभा राहून नखं खात होता आणि पायाच्या अंगठ्याशी रुतलेला खडा काढत होता.

आंबेखोलला पोचल्या पोचल्या तिने माईंना मागच्या दारी गाठलं. माई पंचाहत्तरीच्या, पण आवाज असा की विहिरीपलीकडचं माणूस वळून बघेल. "माई, माका ह्यां नको," अनुजा म्हणाली. ऑफिसातली मराठी तिला ऐनवेळी सोडून गेली होती. "मी व्हय म्हटलंय ती माझी चूक झाली. बाळाभावजींक सांगा." माईंनी हातातली तांदळाची सुपली खाली ठेवली. "आता देवीक लुगडां नेसवन झाला. आता खंय मागे फिरतंस?" मग सुनेचा चेहरा बघून जरा खाली येत म्हणाल्या, "आजचो दिवस जावंदे. आज तरंग बरो फिरान इलो काय सांजेक बाबली परत इचारतलो. तेवा नको म्हण. त्येच्या फुडे मात्र जन्माचां." अनुजाने विचारलं ते तिला विचारायचं नव्हतं, पण सकाळपासून तोंडात तेच घोळत होतं: "भाई सगळा विसारले ते ह्येच्यामुळे काय?" माई खाली बसल्या. सुपलीतले खडे निवडत राहिल्या. "माका काय ठाव? माका विसारले इतक्या खरा. पण पावणायचां नाव शेवटापर्यंत याद होतां," त्या म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार होती की अभिमान, हे अनुजाला कळलं नाही.

दुपारी बारा-पाचाचे, म्हणजे गावातल्या मानाच्या घराण्यांचे, मानकरी जमले. देवळासमोरच्या पटांगणात माणसं मावत नव्हती. मुंबईहून आलेले, गोव्याला कामाला जाणारे, पोरंबाळं, म्हाताऱ्या. विराजला आंघोळ घालून धोतर नेसवलं होतं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. बाळाने त्याच्या कमरेला शेला करकचून बांधला, स्वतःचा हिरमोड गिळून, गाठ नीट बसली का ते दोनदा ओढून बघितलं. विराजने चष्मा काढून अनुजाच्या हातात दिला. चष्म्याविना त्याला चार हातांपलीकडचं माणूस धूसर दिसे, बसचा बोर्ड वाचता येत नसे. "सांभाळ," तो म्हणाला. एवढंच. तिला त्याला कवेत घेऊन सरळ स्कूटरवर घालावंसं वाटलं. शिक्का तिने मारला होता, आता तो उचलायला पुस्तकासारखी मागची पानं नव्हती. बाबलीने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं: "बाये माये पावणाय, आज ह्या लहान लेकरान तुझो भार घेतल्यान हा. त्येचां काय चुकला माकला तर पदरात घे, त्येका संभाळ गे म्हाराजा!" आणि पटांगणातून एकच आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" तिने तोंड उघडलं नव्हतं, तरी त्या आवाजात आपलाही आवाज होता असं तिला वाटलं.

ढोल सुरू झाले. चार जणांनी काठी उभी करून त्याच्या शेल्यात रोवली, त्याचे हात लाकडावर बसवले, आणि एकेकाने आपला हात काढून घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. बाळाचा हात शेवटी निघाला. काठी डुलली, आणि मग ती उभी राहिली. त्यानंतर काय झालं ते अनुजाला पुढे कधीही क्रमाने आठवलं नाही. ढोलांचा ठोका बदलला होता की तिच्या छातीचा, कोण जाणे. विराजच्या टाचा मातीत रुतल्या, पिंढऱ्यांतून एक थरथर वर चढत गेली, मानेपर्यंत आली, आणि तिथे येऊन थांबली, जणू कोणीतरी आत येऊन दार लावून घेतलं. त्याने डोळे उघडले. वर बारा फुटांवर चांदीचा मुखवटा उन्हात पेटल्यासारखा झाला आणि लाल, हिरवी, जांभळी लुगडी वाऱ्यावर फुलली. आणि ती चालू लागली. अनुजाने सवयीने प्रमाण लावायला घेतलं: खांब आठ मीटर, काठी बारा फूट, पोर चार फूट दहा इंच. इथे काही जमेना. ती काठी कुठल्याच मापात बसत नव्हती. देवळाचा कळस तिच्याहून तिप्पट उंच होता, तरी तो तिच्या पायाशी असल्यासारखा दिसत होता. भीती होती, पण भीतीच्या वर, स्वच्छ आणि थंड, असं काहीतरी तिच्यात उतरत होतं की ती मापं सोडून नुसती बघत राहिली. असलं काही या जगात आहे, आणि ते माझ्या पोराच्या कमरेच्या गाठीवर उभं आहे, एवढंच तिला कळत होतं.

बायका ओटीची ताटं घेऊन रांगेने उभ्या होत्या. विराज, किंवा जी कोण होती ती, एकेकीसमोर थांबे, दोन शब्द बोले, पुढे जाई. देवळाच्या चार पायऱ्या होत्या, झिजलेल्या, वाकड्यातिकड्या. चष्मा लावूनही सकाळी विराज तिथे ठेचकाळला होता. आता तो त्या न बघता उतरला. गर्दीत तीसेक बायका असतील. मध्येच तो थांबला, वळला, आणि सगळी रांग ओलांडून सरळ अनुजासमोर येऊन उभा राहिला. "काय गे लेकी," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, अजून न फुटलेला, बारीक. पण हे पोर घरात एका 'गो'पलीकडे कधी मालवणी बोललेलं नव्हतं, कारण शाळेत हसतील म्हणून तिनेच ती बोलू दिली नव्हती. आणि साधा पंखा लावायचा तरी परवानगी मागणाऱ्या त्या आवाजात आता कसलीही परवानगी नव्हती. "सकाळधरना तुझ्या मनात काय आसा ता माका सांग."

अशा वेळी 'माये' म्हणायचं असतं. आपल्या पोटच्या पोराला. तसं म्हटलं की तिथे विराज नाही हे कबूल करणं आलं, आणि नाही म्हटलं, नावाने हाक मारली, तर एवढ्या माणसांसमोर देवीला पाठ दाखवणं आलं. तिने दिवसभर मनात घोकलं होतं की आपण त्याला नावाने हाक मारायची आणि काय व्हायचं ते होऊ दे. तिने वर बघितलं. मुखवट्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे. त्या डोळ्यांनी तिला ओळखलं होतं. ओळखलं होतं, पण लेकराने आईला ओळखावं तसं नाही; ते डोळे तिला ती तान्ही असल्यापासून ओळखत होते. अनुजाच्या तोंडून "माये" निघालं ते लोकांना दाखवायला नाही. ते खरंच होतं म्हणून निघालं. तिने ओटीचं ताट बाजूला केलं. शेजारच्या शेवंतीकाकूंनी ते धरलं. "माये," ती म्हणाली, "ह्या पोराक तू सोडतलंस मां?"

ढोल थांबले नव्हते, तरी तिला तेव्हा ते ऐकू येत नव्हते. तो किंचित वाकला, बारा फुटांची काठी त्याच्याबरोबर वाकली, लुगड्यांचे काठ तिच्या केसांवरून फिरले. "मी खंय धरलंय त्येका?" तो म्हणाला. "त्येनांच माका धरल्यान हा. त्येनां हात सोडल्यान तर मी उभी कशी रवतलंय गे?" अनुजाची नजर खाली गेली, त्याच्या हातांकडे. खाल्लेली नखं. पांढरी पडलेली पेरं. तळहाताखालून काठीवर उतरलेली रक्ताची एक बारीक रेघ, सालपट निघाल्याची. तेरा वर्षांची दहा बोटं, आणि त्यांच्या जोरावर ती सगळी उंची. मग तरंग वळला आणि ढोलामागून गावात निघाला, आणि ती चष्मा मुठीत धरून इतर बायकांबरोबर मागून चालत राहिली, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत, भातशेतांच्या कडेने, कातळाच्या सड्यावरून, परत.

ऊन कलताना तरंग देवळात आला. काठी काढून घेतल्यावर विराज खाली बसला नाही, नुसता मिटला, आणि बाळाने त्याला अलगद पायरीवर टेकवलं. कोणीतरी गूळपाणी आणलं. अनुजा समोर जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, बराच वेळ, आणि तेवढ्या वेळात तिची सगळी पानं पुढे मागे झाली. मग त्याने हात पुढे केला. "चष्मा दे ना गो. आणि हाताला काहीतरी लाव, झोंबतंय." तिने चष्मा दिला, पदराच्या टोकाने त्याची बोटं पुसली, आणि रडायचं नाही असं ठरवून रडली. "काय आठवतंय रे तुला?" तिने विचारलं. त्याने विचार केला. "काय नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, पाणी पिता पिता, "जड होतं. पण पडलं नाही."

मानकरी गोळा झाले. बाबली पुढे आला, घामेजलेला, खुशीत. इतका बरा तरंग भाईंच्या पहिल्या वर्षानंतर फिरला नव्हता असं सगळे बोलत होते. त्याने हात जोडून रीतीप्रमाणे विचारलं, "देवी बरी फिरली. आता ह्यो मान ह्या पोराचो. आवशीची खुशी आसा काय?" माई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्या सुनेकडे बघत होत्या. नको म्हणायला एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि होय तर ओठांवर आलेलंच होतं, कारण आज जे बघितलं ते तिला पुन्हा बघायचं होतं. हे ती स्वतःपासून लपवू शकली नाही. भाईंना हे कोणी विचारलं होतं का? विनीतला? त्या नऊ पोरांना? शिक्के सगळे मोठ्यांचे. पण काठी कोणी धरली होती ते तिने आज बघितलं होतं, आणि देवीनेही तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझी खुशी माका इचारू नको, बाबली. त्येका इचार." बाबली गोंधळला. असं कधी विचारलं नव्हतं, त्याच्या बापाने नाही, आज्याने नाही. मानकऱ्यांत कुजबूज झाली, एक म्हातारा उठूनसुद्धा उभा राहिला. अनुजा पायरीवर विराजच्या शेजारी बसली. "तुका व्हया काय रे?" तिने विचारलं. "खरां सांग. नको म्हटलंस तरी चलात."

विराजने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. पटांगणातल्या सगळ्या माणसांकडे एकदा बघितलं, आतल्या काठीकडे बघितलं, आपल्या तळहाताकडे बघितलं. "मी हो म्हटलं तर तू घाबरशील?" त्याने तिला विचारलं.

"व्हय," अनुजा म्हणाली.

"मग मी लगेच सांगणार नाही," तो म्हणाला. "मला नीट विचार करू दे."

बाबलीने मानकऱ्यांकडे बघितलं, मानकऱ्यांनी बाबलीकडे. एवढा भरलेला गाव उभाच्या उभा राहिला. तेव्हा माईंनी खांबाचा आधार सोडला आणि त्यांच्या त्या विहिरीपलीकडे जाणाऱ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "बसा रे. पोर इचार करता."

आणि लोक एकेक करून खाली बसले.